छत्तिसाव्या वर्षी पहिली कसोटी

'जर्सी' हा सिनेमा तुम्ही बहुतेक पाहिला असेल. २०१९चा तेलुगू, नानीचा; नाहीतर २०२२चा हिंदी, शाहिद कपूरचा. दहा वर्षांपूर्वी क्रिकेट सोडलेला अर्जुन वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पुन्हा बॅट हातात घेतो. भेटेल तो माणूस त्याला एकच गोष्ट ऐकवतो: आता वय राहिलं नाही. सगळ्या सिनेमाचा ताण त्या एका आकड्यावर उभा आहे.

आता तोच आकडा इतिहासात शोधू. २५ जून १९३२, लंडनचं लॉर्ड्स मैदान. भारताचा संघ आपला पहिलावहिला कसोटी सामना खेळायला उतरतोय. कर्णधार कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजे सी. के. नायडू. जन्म नागपूरचा, ३१ ऑक्टोबर १८९५चा. वय वर्षं ३६. ज्या वयात सिनेमातला अर्जुन संपलेला मानला जातो, त्या वयात देशातला सर्वांत नावाजलेला फलंदाज आपली पहिली कसोटी खेळत होता. तो कुठे हरवला नव्हता की रुसून बसला नव्हता. तोवर भारताला कसोटी खेळायची परवानगीच नव्हती.

उतारवयाला लागलेल्या खेळाडूचे सिनेमे मला आवडतात आणि ते पाहताना एक गोष्ट खटकतेही. डॅरेन अरोनॉफ्स्कीचा 'द रेसलर' (२००८) घ्या. ऐंशीच्या दशकात गाजलेला कुस्तीपटू आता लहानसहान हॉलमध्ये शनिवार-रविवारी लढतो, एरवी सुपरमार्केटमध्ये काम करतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय, मुलगी बोलत नाही. मिकी रूर्कने हे काम असं केलंय की पडद्यावरून नजर हटत नाही. पण त्यातला खलनायक कोण? त्याचं शरीर. गुडघे, पाठ, हृदय. 'रॉकी बाल्बोआ'त (२००६) तेच, 'जर्सी'तही शेवटी तेच. शरीर साथ देत नाही, मन ऐकत नाही, आणि आपण डोळे पुसतो.

खेळाडूचं घड्याळ फक्त शरीर चालवतं, असं हे सिनेमे गृहीत धरतात. आपल्याकडचा इतिहास वाचला की दिसतं, त्या घड्याळाला किल्ली देणारे हात दुसऱ्यांचेच होते.

आमगावातलं 'वय'

मी हे आमगावातून लिहितोय. गोंदिया जिल्ह्यातलं, हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावरचं तालुक्याचं गाव. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही भंडाऱ्यात होतो. नागपूर रेल्वेने दीडशे किलोमीटरच्या आसपास. धान कापून झालं की रिकाम्या बांध्यांमध्ये टेनिस बॉलचं क्रिकेट सुरू होतं आणि उन्हाळ्यापर्यंत चालतं. पहाटे रस्त्याच्या कडेने पोरं धावताना दिसतात, ती मात्र बहुतेक खेळासाठी नसतात. पोलीस भरतीसाठी असतात. सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक.

इथे 'वय गेलं' हा शब्द फार लवकर कानावर येतो. भरतीची वयोमर्यादा खुल्या वर्गाला २८, मागास प्रवर्गांना ३३. क्रिकेटचं तर आणखी कडक: १४ वर्षांखालील, १६ वर्षांखालील, १९ वर्षांखालील, २३ वर्षांखालील. सोळाच्या गटात तर मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय तपासतात. ही तपासणी गरजेचीच आहे, कारण खोटे दाखले ही आपल्या खेळाची जुनी कीड आहे. पण या शिडीची पहिली पायरी नागपुरात आहे. निवड चाचणी कधी असते, अर्ज कुठे भरायचा, लेदर बॉल पहिल्यांदा हातात कधी येतो, हे खेड्यातल्या पोराला कळेपर्यंत दोन पायऱ्या निघून गेलेल्या असतात. बाविसाव्या वर्षी तो म्हणतो, आता वय गेलं. त्याच्या शरीराला अजून दहा वर्षं काही होणार नसतं.

म्हणून नायडूंची गोष्ट मला सिनेमांपेक्षा जवळची वाटते. ते आमच्याच प्रांतातले. त्या काळी नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती आणि आमगाव त्याच प्रांतात. घरची भाषा तेलुगू, वाढले नागपुरात. पुढे इंदूरच्या होळकरांनी बोलावून घेतलं आणि आपल्या फौजेत अधिकारी केलं. 'कर्नल' ही पदवी तिथली.

उशिरा मिळालेलं मैदान

नायडू १९१६ मध्ये पहिला प्रथम श्रेणी सामना खेळले, हिंदू संघाकडून, युरोपियन संघाविरुद्ध. तेव्हा वय विशीच्या आसपास. म्हणजे आजच्या हिशोबाने अगदी वेळेवर. पण तेव्हा भारतात राष्ट्रीय संघ नव्हता, मंडळ नव्हतं, रणजी करंडकही नव्हता. स्पर्धा होती ती मुंबईची, धर्मानुसार संघ पाडलेली: हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन. वर्षाला दोन-चार मोठे सामने मिळाले तर मिळाले.

पुढची दहा वर्षं अशीच गेली. फलंदाजाची सर्वांत चांगली मानली जाणारी वर्षं हीच, वीस ते तीस.

मग डिसेंबर १९२६ आला. आर्थर गिलिगनच्या नेतृत्वाखाली इंग्लंडहून एमसीसीचा संघ आला होता. बॉम्बे जिमखान्यावर हिंदू संघाकडून नायडूंनी दोन तासांच्या आत १५३ धावा ठोकल्या. त्यात ११ षटकार. झाडांवर, छपरांवर चढून लोकांनी ती खेळी पाहिली, असं वर्णन सगळीकडे सापडतं. या दौऱ्यानंतर गिलिगनने भारतातल्या क्रिकेटची बाजू उचलून धरली. १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झालं. १९३०-३१च्या हिवाळ्यात एमसीसीचा दौरा ठरला होता, पण सविनय कायदेभंगाच्या चळवळीत तो रद्द झाला. नायडू एकतीस वर्षांचे असताना दार ठोठावलं गेलं. ते उघडलं तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते.

कर्णधारपदही सरळ हातात आलं नाही. १९३२च्या दौऱ्याचे नेमलेले कर्णधार होते पोरबंदरचे महाराजा आणि उपकर्णधार लिंबडी संस्थानचे राजपुत्र. क्रिकेट येणं ही त्यासाठीची मुख्य पात्रता नव्हती. पोरबंदरच्या महाराजांनी स्वतःहून माघार घेतली आणि लिंबडीचे राजपुत्र जखमी झाले, म्हणून लॉर्ड्सवर नाणेफेकीला नायडू गेले. पहिल्या डावात भारताच्या १८९ धावा झाल्या, त्यात सर्वाधिक ४० त्यांच्या. क्षेत्ररक्षण करताना हाताला इजा झाली होती, तरी. भारत सामना १५८ धावांनी हरला. त्या दौऱ्यात त्यांनी प्रथम श्रेणीत १६००हून जास्त धावा केल्या आणि ६५ बळी घेतले. १९३३च्या 'विस्डेन'ने त्यांना वर्षातल्या पाच खेळाडूंमध्ये घेतलं.

१९३६ला कर्णधारपद पुन्हा राजघराण्याकडे गेलं, विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे. नायडू साधे खेळाडू म्हणून गेले. ओव्हलच्या शेवटच्या सामन्यात चाळिशीत ८१ धावा काढल्या. त्यानंतर भारत थेट १९४६ मध्ये कसोटी खेळला, कारण मध्ये महायुद्ध होतं. तोवर नायडू पन्नाशीत पोहोचले होते. एकूण कसोट्या ७, धावा ३५०, सरासरी २५.

आज कुणी फोनवर आकडे काढून पाहिले तर म्हणेल, सरासरी पंचवीस? एवढंच? पण हे आकडे एका खेळाडूच्या उतरणीचे आहेत. चढण कुणी मोजलीच नाही, कारण मोजायची वही तेव्हा उघडली नव्हती.

पन्नाशीनंतर

इथून पुढची गोष्ट सिनेमात घातली तर प्रेक्षक म्हणतील, फेकतायत.

१९४५-४६च्या रणजी मोसमात, वयाच्या पन्नाशीत, नायडूंनी बडोद्याविरुद्ध २०० धावा काढल्या. प्रथम श्रेणीतली ही त्यांची सर्वोच्च धावसंख्या. त्यांच्या नेतृत्वाखाली होळकर संघ चार वेळा रणजी जिंकला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईविरुद्ध दत्तू फडकरांचा उसळता चेंडू तोंडावर बसला आणि दात पडले. त्यांनी ते खेळपट्टीवरून बॅटने बाजूला सारले आणि खेळत राहिले, ही गोष्ट क्रिकेटच्या गप्पांमध्ये अजून सांगितली जाते. तेव्हा ते छप्पन वर्षांच्या आसपास होते. १९५६-५७च्या मोसमात ते उत्तर प्रदेशकडून खेळले, कर्णधार म्हणून, एकसष्टाव्या वर्षी. त्यात राजस्थानविरुद्ध ८४ धावा. आणि १९६३-६४ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांच्या संघाकडून मुख्यमंत्र्यांच्या संघाविरुद्ध एक मदतनिधीचा सामना, वय ६८. हा त्यांचा शेवटचा प्रथम श्रेणी सामना. चार वर्षांनी, १४ नोव्हेंबर १९६७ला, इंदुरात ते गेले.

हे ऐकून 'वय हा फक्त आकडा असतो' असं स्टेटस ठेवायचा मोह होतो. मला तो मोह आवरावासा वाटतो.

एक तर असं करायला पाठीशी दरबार लागतो. नायडूंना पगार होळकरांच्या फौजेतून होता. क्रिकेट खेळणं हीच नोकरी होती आणि संस्थानाची शान राखणं हे काम. १९४१ मध्ये त्यांनी एका लिव्हर टॉनिकची जाहिरात केली. भारतीय क्रिकेटपटूने केलेली ती पहिली जाहिरात मानतात. बाकी खेळातून मिळणारा पैसा नगण्य. आजच्यासारखं निवृत्तीनंतर समालोचन, अकादमी, लीगचं प्रशिक्षकपद असं काही नव्हतं. मैदान सोडून कुठे जायचं, याचं उत्तर तेव्हाच्या खेळाडूकडे फारसं नसायचं. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं आणि पुढे काही वर्षांत होळकर हे नावही रणजीतून पुसलं गेलं. एकसष्टाव्या वर्षी उत्तर प्रदेशकडून खेळणाऱ्या नायडूंकडे पाहताना मला जिद्द दिसते, आणि ज्याचा दरबार उठून गेलाय असा माणूसही दिसतो.

दुसरं, त्या संघात एखादा वीस वर्षांचा पोरगा बाहेर बसला असेल. नायडू राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्षही राहिले होते. एवढ्या वजनाच्या माणसाला 'आता थांबा' कोण सांगणार? सिनेमात म्हातारा खेळाडू नेहमी एकटा, दुबळा, व्यवस्थेने टाकलेला असतो. प्रत्यक्षात तो कधीकधी स्वतःच व्यवस्था असतो. हे दोन्ही एकाच माणसाच्या बाबतीत खरं असू शकतं: त्याची चांगली वर्षं दुसऱ्यांनी खाल्ली, आणि नंतर त्याने दुसऱ्या कुणाची दोन-चार वर्षं खाल्ली.

ज्याला दरबारही नव्हता

नायडूंच्या आधी एक पिढी पळवणकर बाळू होते. जन्म १८७६, धारवाडचा, जातीने चांभार. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची देखभाल करायचे आणि नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी टाकायचे. डावखुरा फिरकी गोलंदाज. हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती. मैदानावर चेंडू त्यांच्या हातून घेतला जायचा. चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या कपात चहा मिळायचा.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने सपाटून मार खाल्ला. बाळूंनी ११४ बळी घेतले, १९पेक्षाही कमी सरासरीने. वय तेव्हा पस्तीस. कसोटीचा दर्जा यायला अजून एकवीस वर्षं होती. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. १९२० मध्ये उपकर्णधारपदापर्यंत गोष्ट पोहोचली. कर्णधार झाले ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल, १९२३ मध्ये. तोवर बाळूंचं खेळणं संपलं होतं.

नायडूंचं घड्याळ साम्राज्याने आणि राजेरजवाड्यांनी मागे ठेवलं. बाळूंचं घड्याळ जातीनेही मागे ठेवलं. त्यांच्या नावावर एकही कसोटी नाही. त्यामुळे आकड्यांच्या वेबसाइटवर त्यांचं पान उघडलं तर ते जेमतेम भरतं.

कौन प्रवीण तांबे?

आता आपल्या काळात येऊ. १ एप्रिल २०२२ला हॉटस्टारवर 'कौन प्रवीण तांबे?' आला. श्रेयस तळपदे मुख्य भूमिकेत. या जातीच्या सिनेमांमध्ये मला तो वेगळा वाटतो, कारण त्यातला नायक उतरणीला लागलेलाच नाही. त्याची चढण सुरूच झालेली नाही आणि वय मात्र पुढे चाललंय.

खरे प्रवीण तांबे मुंबईचे, जन्म ऑक्टोबर १९७१चा. वर्षानुवर्षं क्लब आणि कंपन्यांच्या संघांमधून खेळले. सुरुवात मध्यमगती गोलंदाजीने. नंतर कर्णधाराच्या सांगण्यावरून लेगस्पिन. मुंबईच्या रणजी संघाचं दार काही उघडलं नाही. मे २०१३ मध्ये राजस्थान रॉयल्सने त्यांना मैदानात उतरवलं, राहुल द्रविड कर्णधार असताना. वय ४१. त्याआधी एकही प्रथम श्रेणी सामना नाही. त्याच वर्षीच्या चॅम्पियन्स लीगमध्ये सर्वाधिक बळी त्यांचे, १२. मग मुंबईच्या रणजी संघाने बोलावलं. मे २०१४ मध्ये कोलकात्याविरुद्ध हॅटट्रिक घेतली.

या सिनेमात मला पटलं ते म्हणजे वाट पाहणं. निवडीच्या यादीत नाव नाही, पुढच्या वर्षी पाहू, पुन्हा नाही. घरभाडं, लग्न, मुलं, सुट्टी मिळेल का. मध्यमवर्गीय मराठी घरात खेळाचं वय गुडघ्यांवरून ठरत नाही, 'आता नोकरीचं बघ' हे वाक्य कोणत्या वर्षी उच्चारलं जातं त्यावरून ठरतं. तांबेंच्या घरातही ते उच्चारलं गेलं असणार. फरक इतकाच की त्यांनी नोकरीही केली आणि चेंडूही सोडला नाही.

शिवाय तांबे मुंबईत होते, हेही विसरता येत नाही. चाळिशीपर्यंत दर मोसमात लेदर बॉलने स्पर्धात्मक क्रिकेट खेळता येईल अशी क्लबांची आणि कंपन्यांच्या संघांची साखळी मुंबईत आहे. त्या साखळीने त्यांना जिवंत ठेवलं. आमगावात जिद्द कमी नाही. ही साखळी नाही.

म्हातारे म्हणून आलेले

विदर्भाच्या क्रिकेटला मात्र वयाने एकदा मोठी भेट दिली. १९५७-५८ पासून विदर्भाचा संघ रणजी खेळतोय, आणि साठ वर्षं त्याने करंडक पाहिला नव्हता. मुंबईसाठी धावांचे डोंगर रचलेला वसीम जाफर तिशीच्या शेवटी विदर्भाकडे आला. २०१७-१८च्या मोसमात चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, फैज फजल कर्णधार. अंतिम सामना दिल्लीशी. रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली. १ जानेवारी २०१८ला विजयी फटका मारला तो एकोणचाळीस वर्षांच्या जाफरने. मैदान कोणतं? इंदूरचं होळकर स्टेडियम. नागपूरच्या पोराने ज्या शहरात आपलं म्हातारपण गाजवलं, तिथेच नागपूरच्या संघाने पहिला करंडक उचलला.

जाफर तिथे थांबला नाही. दोनच महिन्यांनी, चाळिसावं सरल्यावर, नागपुरात इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध २८६ धावा. पुढच्या रणजी मोसमात हजारावर धावा आणि विदर्भाला सलग दुसरा करंडक. काही वर्षांनी करुण नायर असाच आला. २०१६ मध्ये कसोटीत नाबाद ३०३ काढूनही बाजूला पडलेला. २०२४-२५ मध्ये विदर्भाच्या तिसऱ्या करंडकात त्याचा मोठा वाटा होता आणि जून २०२५ मध्ये, आठ वर्षांनी, तो पुन्हा भारताकडून कसोटी खेळला. तेव्हा वय ३३.

या दोघांना संधी मिळाली कारण त्यांचं नाव आधीच झालेलं होतं. वय विसरून फक्त खेळ पाहण्याची ही उदारता आपण मोठ्या नावांसाठी राखून ठेवतो. ज्याचं नाव कधीच कुठल्या यादीत आलं नाही, त्याचा दाखला मात्र पहिला तपासला जातो.

नायडूंच्या नावाचं पुढे काय झालं, ते पाहा. मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो, म्हणजे खेळून झालेल्या म्हाताऱ्यांना. आणि त्यांच्याच नावाने एक स्पर्धा भरते, कर्नल सी. के. नायडू करंडक. सध्या ती २३ वर्षांखालील खेळाडूंसाठी आहे. म्हणजे ज्या माणसाने पहिली कसोटी छत्तिसाव्या वर्षी खेळली, पहिलं आणि एकमेव द्विशतक पन्नासाव्या वर्षी काढलं आणि शेवटचा सामना अडुसष्टाव्या वर्षी खेळला, त्याच्या नावाच्या स्पर्धेत चोविसाव्या वर्षी प्रवेश बंद होतो.

तेविसाची अट वाईट आहे असं मी म्हणत नाही. तरुण पोरांना वेगळी स्पर्धा हवीच. पण तेविसाच्या पुढे, रणजीच्या संघात नसलेल्या खेड्यातल्या खेळाडूसाठीही एखादी लेदर बॉलची स्पर्धा, एखादी चटईची खेळपट्टी, तालुक्याच्या गावात वर्षातून एक निवड चाचणी असावी. नायडूंना मैदान मिळायला १६ वर्षं लागली, त्यामागे साम्राज्य होतं. आता साम्राज्य नाही, संस्थानिक नाहीत. नागपूर ते आमगाव हे अंतर रेल्वेने काही तासांचं आहे.